पाहुणा घर घेऊनच येतो तेव्हा



मागच्या आठवड्यात गावाहून धाकट्या जावेचा फोन आला. "अक्का, तुम्ही इंग्लंडात त्या गाडीत राहून आलाय न्हवं, शेतात? आमच्या ह्यांचं चाललंय, मळ्यात तसलं कायतरी काढायचं. चार खोल्या बांधायच्या, एक पोहायचा तलाव, आणि पुढच्या अंगाला गाड्यांना जागा. बँक कर्ज देतीय म्हणं."

कर्जाचा आकडा ऐकून मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. तिला एवढंच म्हटलं, आठ दिवस थांबा, कुठे सही करू नका. शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे आणि २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. तेव्हापासून आपल्या ऊसपट्ट्यातल्या बऱ्याच घरांत रात्री जेवणानंतर हाच विषय निघतो. तुमच्याही घरी निघत असेल. म्हणून जावेला सांगायचे ते सगळ्यांनाच सांगते. मी काही या धंद्यातली नाही, पण त्या गाडीत बारा दिवस स्वयंपाक केला आहे, भांडी घासली आहेत आणि चुकाही केल्या आहेत.

आमचा मुलगा आणि सून लेस्टरला असतात. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही दोघे गेलो, तेव्हा मुलाने मित्राबरोबर भागीत एक जुनी मोटरहोम घेतलेली होती. मोटरहोम म्हणजे चालवायची गाडीच घर असते, आणि कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायचे चाकांवरचे घर. दोन्हींत पलंग, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी आणि कपाटाएवढे न्हाणीघर-संडास असते. सून म्हणाली, "आई, तुमचं सोवळं सांभाळून फिरता येईल, सगळं आपल्या हातचं." खरेच होते ते. वर जूनमध्ये तिथे सूर्य साडेनऊला मावळतो, त्यामुळे संध्याकाळच्या जेवणाची घाई नाही. (डिसेंबरात चार वाजायच्या आत मावळतो. तेव्हा कशी धांदल होते ते सुनेला विचारा.)

पहिली रात्र एका मोठ्या तळावर काढली. शे-दीडशे गाड्या, दुकान, तलाव, रात्री गाण्यांचा कार्यक्रम. शेजारची गाडी दोन हातांवर. त्यांनी बाहेर शेगडी पेटवून त्यावर जे काही भाजायला घेतले, त्यानंतर माझे जेवण झाले नाही. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता, ते सुट्टीवर आले होते. पण दुसऱ्या दिवशी मुलाने गाडी काढली आणि ॲशबोर्नच्या पुढे, पीक डिस्ट्रिक्टच्या कडेला एका शेतावर नेली.

दगडी बांध, त्यामागे मेंढ्या, आणि एका कोपऱ्यात फक्त पाच गाड्यांची जागा. मालकीण सत्तरीच्या आसपासची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मी उतरल्या उतरल्या विचारले, बाथरूम कुठे आहे? तिने माझ्याकडे पाहिले, मग आमच्या गाडीकडे पाहिले आणि फार अदबीने म्हणाली, "तुमच्या गाडीत आहे ना?"

सून हसली. मलाही थोड्या वेळाने हसू आले. जावेला मला जे सांगायचे आहे ते सगळे त्या एका प्रश्नात आहे.

हे पाचाचे काय प्रकरण आहे ते आधी सांगते. इंग्लंडात हौसेने गाडी-घर घेऊन फिरण्याची सुरुवात गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी डॉक्टरांपासून धरतात. १८८५ मध्ये त्यांनी घोड्यांनी ओढायची 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली. मुद्दाम हौसेसाठी बांधलेली पहिली गाडी ती. रोज संध्याकाळी कुणाचे तरी कुरण नाहीतर खानावळीचे आवार शोधायचे आणि तिथे मुक्काम करायचा. १९०७ मध्ये अशा हौशी लोकांचा क्लब निघाला. पुढे मोटारी आल्या, गर्दी वाढली आणि १९६० मध्ये कॅरव्हॅनच्या जागांसाठी कायदा करावा लागला. त्या कायद्यात शहाण्या माणसाने घालावी तशी एक सवलत आहे. मान्यताप्राप्त क्लबने एखाद्या शेतकऱ्याच्या जागेला दाखला दिला, तर तिथे एका वेळी पाच गाड्या उतरवता येतात, फक्त क्लबच्या सभासदांच्या. कौन्सिलचा वेगळा परवाना लागत नाही. त्या जुन्या कॅरव्हॅन क्लबच्या दाखल्यावरच्या अशा जागा आज देशभर दोन हजारांच्या आसपास आहेत. दुसरा एक मोठा क्लब आहे, त्याच्या आणखी वेगळ्या.

पाचच गाड्या असल्याने एकट्या बाईला हे झेपते. नोकर लागत नाही, कार्यालय लागत नाही. दाराशी एक पेटी असते, तिच्यात पैसे टाकायचे. आम्ही रात्रीचे पंधरा पौंड दिले. पेटीशेजारी अंडी विकायला ठेवलेली होती आणि बटाटे. दोन्ही आपल्या कामाचे नाहीत, म्हणून मी तिच्याकडून मुरंब्याच्या तीन बाटल्या घेतल्या, तेव्हा तिचे समाधान झाले.

आता त्या लोकांना हवे काय असते? आमच्या शेजारी यॉर्कशायरचे एक पेन्शनर जोडपे होते, वीस वर्षे कॅरव्हॅन घेऊन फिरणारे. मी त्यांना हाच प्रश्न विचारला. आजोबा म्हणाले, "सपाट जमीन आणि शांतता." आजी म्हणाल्या, "आणि चांगला नळ." मला वाटले विनोद करतात. चार दिवसांनी कळले की यात एक अक्षरही जास्तीचे नव्हते.

सपाट जमिनीचे बघा. गाडीतला गॅसवर चालणारा फ्रिज गाडी कलती असली की नीट थंड करत नाही. मोरीतले पाणी वाहून न जाता एका कोपऱ्यात साठते. रात्री डोके खाली आणि पाय वर होतात. चाकाखाली घालायला प्लॅस्टिकच्या पाचरी मिळतात, पण त्यांनी साधारण दहा सेंटिमीटर उंची मिळते, त्यापुढे त्यांचा उपयोग नाही. आणि नुसते गवत असेल तर तीन-साडेतीन टनांची गाडी एका पावसात रुतते. म्हणून त्या मालकिणीने पाचपैकी तीन जागांवर खडी टाकून ती दाबून घेतली होती. आपल्याकडे मुरूम टाकून रोलर फिरवतात तसेच. शेतावर तिने मोठा खर्च केला तो एवढाच, आणि तो दिसतसुद्धा नाही.

नळाची गोष्ट मात्र आपण बायकांनी नीट समजून घ्यावी, कारण पुरुषांच्या आराखड्यात ती कधी नसते. आमच्या गाडीची टाकी शंभर लिटरची. चार माणसे, रोज आंघोळ, वर माझा स्वयंपाक. एका दिवसात खडखडाट. म्हणजे रोज सकाळी पाणी भरायचे. तिथला नळ गाडी जवळ लावून नळी पोचेल असा होता आणि धार चांगली होती. मी नळाच्या तोंडाला गाळायचे फडके बांधले. मालकिणीला वाटले तिच्या पाण्यात काही खोट आहे. सुनेने समजावून सांगितल्यावर ती दुसऱ्या दिवशी फडके नीट वाळत घातले आहे ना ते बघून गेली.

आणि संडासाची पेटी. ती सुटी निघते, वीसेक लिटरची असते, चार माणसांत दीड-दोन दिवसांत भरते आणि कुठेतरी नेऊन रिकामी करावी लागते. हे काम आमच्या ह्यांच्याकडे आले. आयुष्यात कधी घरचा कचरा बाहेर नेला नाही त्या माणसाने इंग्लंडात जाऊन हे काम केले आणि कुरकूर केली नाही, याची नोंद मी इथे करून ठेवते. तर ती जागा पिण्याच्या नळापासून लांब हवी आणि पेटी विसळायला तिथे वेगळा नळ हवा. वेगळा नळ नसेल तर लोक पेटी पिण्याच्या नळाखालीच धरतात. मी हे दुसऱ्या एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर तिथले पाणी आम्ही भरले नाही. शेतावरचा मैला बहुधा सेप्टिक टँकमध्ये जातो. पेटीत घालायचे जुन्या धर्तीचे निळे रसायन त्या टाकीतले जिवाणू मारते, मग टाकी काम करेनाशी होते. म्हणून बऱ्याच शेतांवर फक्त हिरवे, सौम्य रसायन चालते आणि तसे दारावरच लिहिलेले असते.

विजेच्या बाबतीत चूक माझी. खांबावर दहा अँपिअरची जोडणी होती. दोनशे तीस व्होल्टला दहा अँपिअर म्हणजे तेवीसशे वॉट. मी सकाळी साडेसहाला इंडक्शनवर पोह्यांची कढई ठेवली आणि शेजारी सुनेची घरची किटली लावली. तिथली घरगुती किटली एकटीच तीन हजार वॉट खाते. खटका पडला. खटका होता गोठ्यात, आणि गोठ्याला कुलूप. मालकीण झोपेतून उठून आली, काही बोलली नाही, पण त्याच दिवशी तिने प्रत्येक खांबाखाली पाहुण्यांना हात पोचेल अशी खटक्याची पेटी बसवायला माणूस बोलावला. जास्त वीज कुणी मागत नाही. किती आहे ते आधी सांगावे आणि गेली तर परत लावता यावी, एवढेच हवे असते.

तिची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी तिचा निरोप आला होता, की चर्चनंतर फोनमधल्या नकाशाचे ऐकू नका, दुसऱ्या डाव्या वळणाने या. कारण नकाशा जवळची वाट दाखवतो, ती दोन भिंतींमधून जाते, आणि मोटारीमागे कॅरव्हॅन असली की सगळी लांबी मिळून दहा-बारा मीटर भरते. अशा गल्लीत समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घेता येत नाही. वाट सांगणारे हे दोन ओळींचे पत्र पोहण्याच्या तलावापेक्षा मोलाचे असते असे मी म्हटले, तर माझे दीर हसतील. हसू देत.

एका संध्याकाळी ती मालकीण स्वतःच आमच्या दाराशी बसली आणि तिने आपली अडचण सांगितली. कुणीतरी तिच्या जागेबद्दल वाईट लिहिले होते. इथे गरम पाण्याचे न्हाणीघर नाही, वायफाय नाही, कोंबडा पहाटे आरवतो. कोंबड्याचे तिला हसू आले होते, पण न्हाणीघराचे मनाला लागले होते. तिने दर काढला होता, तीस हजार पौंड. नवरा गेलेला, मेंढ्यांत फारसे राहत नाही, आणि या पाच गाड्यांच्या पैशांतून तिच्या घराचे हिवाळ्यातले तेल आणि वीज भागते. मुलगा म्हणत होता कर्ज काढ.

आम्ही तिच्या टेबलावर हिशेब मांडला. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर धरले तर सुमारे दोनशे दहा रात्री. पाच जागा, म्हणजे रोज सगळ्या भरल्या तरी वर्षाला एक हजार पन्नास मुक्काम. न्हाणीघर केले म्हणून दर पाच पौंडांनी वाढवला, तर तीस हजार फिटायला सहा हजार मुक्काम हवेत. म्हणजे एकही जागा एकही रात्र रिकामी न राहता पावणेसहा वर्षे. खरे तर तिच्याकडे अर्ध्याच जागा भरतात, म्हणजे अकरा वर्षांच्या वर. त्यात गरम पाण्याचा गॅस, रोजची सफाई आणि व्याज धरलेलेच नाही. आणि हे सगळे कुणासाठी, तर ज्यांच्या प्रत्येकाच्या गाडीत न्हाणीघर आहे त्यांच्यासाठी.

यॉर्कशायरच्या आजी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही ते बांधलंत की आम्ही येणार नाही. दर वाढेल, आणि गर्दी वेगळी येईल."

मला वाटते हेच आपल्या लोकांना कळत नाही. आपण पाहुणा म्हटले की त्याला जास्तीत जास्त द्यायला बघतो. आपल्या संस्कारात ते चांगलेच आहे. पण हा पाहुणा घर पाठीवर घेऊन येतो. त्याला चाकांवर जे आणता येत नाही तेवढे द्यायचे. सपाट जमीन, भरपूर पाणी, घाण टाकायची स्वच्छ सोय, अंधार आणि शांतता. अंधारसुद्धा, हो. मी त्या शेतावर रात्री आकाश पाहिले आणि लहानपणी आजोळच्या गच्चीवर अंथरूण टाकायचो त्याची आठवण आली. सहा मीटर अंतरावर दुसरी गाडी. हे अंतर आगीच्या भीतीने ठरवलेले आहे, पण त्याने शेजाऱ्याची शेगडीही लांब राहते.

परतीच्या वाटेवर एका ठिकाणी उलटे पाहिले. तिथे लाकडी टबात गरम पाण्यात बसायची सोय, झाडांवर दिव्यांच्या माळा, प्रत्येक जागेला गोंडस नाव. दर दुप्पट. आमची जागा उताराची, नळ एका शेतापलीकडे, आणि पेटी रिकामी करायचे भोक तुंबलेले. त्या टबात कुणी बसलेले आम्ही तीन दिवसांत पाहिले नाही. मालक वाईट नव्हता, कुणीतरी त्याला फोटो चांगले यायला हवेत असे पटवले असावे.

एक बाई एकटीच लहान गाडी घेऊन फिरत होती, पन्नाशीची, नुकतीच विधवा झालेली. तिला विचारले, भीती वाटत नाही? म्हणाली, मोठ्या तळांवर वाटते, इथे नाही. मालकिणीच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसतो. सकाळी ती हात करते. एवढे पुरते. फार बोलणारी मालकीण मात्र तिला नको होती, हेही तिने सांगितले.

आता जावेच्या मळ्याकडे येते. तिथले सगळे जसेच्या तसे इथे चालणार नाही. आपल्याकडे जे लोक गाडी घेऊन फिरतात, त्यांतल्या कित्येकांच्या गाडीत नुसते अंथरूण असते किंवा टपावर तंबू असतो, न्हाणीघर नसते. त्यांना चाकांवर आणता येत नाही ती गोष्ट म्हणजे स्वच्छ संडास. मग तो हवाच, बायकांसाठी आतून कडी, दिवा आणि पाणी असलेला. खोल्या मात्र नकोत, तलाव तर मुळीच नको. बोअरचे पाणी एप्रिलमध्ये कुठे जाते हे मळ्यातल्या माणसाला मी सांगायला नको. सावली हवी, ती आंब्याखाली फुकट आहे. आणि पाचच गाड्या. कायद्याने बंधन नसेल तर घरच्यांनी घालून घ्यावे, कारण सहावी गाडी आली की जावेला मदतीला माणूस लागेल, आणि तो माणूस मिळत नाही म्हणून तर ऊस सोडून हा विचार सुरू झाला.

हे सगळे मी तिला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "अक्का, जमीन सपाट हाय का ते कसं बघू?" तिला सांगितले, परातीत काठोकाठ पाणी भर, जिथे गाडी उभी करायची तिथे ठेव आणि कुठल्या बाजूने सांडते ते बघ. तासाभराने तिचा फोन आला. विहिरीकडच्या बाजूला सगळे सांडते, पण गोठ्यामागच्या पट्ट्यात थेंबही सांडला नाही. तिथे सध्या कडबा रचलेला आहे. दीर अजून तलावाचेच बोलत आहेत आणि बँकेत सोमवारी बोलावले आहे. मी रविवारच्या एसटीने निघते आहे.